चिंध्या आणि गोधडी : प्रस्तावना

मे महिना संपत आला की सुदामा नगरातल्या आमच्या गल्लीत एकच प्रश्न घरोघरी फिरतो. बारावीचा निकाल हाती आलेला असतो, पत्रिका पाहावी तशी गुणपत्रिका पाहिली जाते आणि संध्याकाळी कुणीतरी माझ्या ओट्यावर येऊन बसतं. मी एका लहान तंत्र महाविद्यालयात पंचवीस वर्षं शिकवलं, म्हणून हा मान माझ्याकडे. "काका, कोणती ब्रँच घेऊ?" या प्रश्नाला काय सांगायचं ते मला आता पाठ झालं आहे. मागच्या वर्षी मात्र दोन गल्ल्या पलीकडची एक मुलगी आईला घेऊन आली ती वेगळाच प्रश्न घेऊन. हातात प्रवेशाचं माहितीपत्रक होतं आणि त्यातल्या एका ओळीखाली तिने पेन्सिलीने रेघ ओढली होती : आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम. तिला तोच हवा होता. आईला ती भानगडच कळत नव्हती. तिने मनातलं सरळ बोलून टाकलं, "भाऊजी, हे म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या, असं तर नाही ना होणार?"

त्या दिवशी मी जे बोललो ते अगदीच अपुरं होतं. आईची काळजी खोटी नव्हती आणि मुलीची ओढही खोटी नव्हती. पुढ्यात असलेलं हे पुस्तक त्या दोघींसाठी आहे. आमच्या महाविद्यालयातल्या मुलामुलींनी निरनिराळ्या वर्षी केलेली अकरा कामं त्यांच्याच शब्दांत यात आली आहेत. ती वाचण्याआधी हा विषय आहे तरी काय, तो कुठून आला आणि लहान महाविद्यालयात तो कसा शिकता येतो, हे सांगायला हवं. म्हणून ही प्रस्तावना लांबली आहे.

त्या बाईंनी वापरलेली म्हण माझ्या डोक्यातून गेली नाही, कारण माझी आजी गोधड्या शिवायची. उन्हाळ्यात दुपारी माजघरात ती आधी एक धड लुगडं अंथरायची. जुनं, मऊ झालेलं, पण कुठे न फाटलेलं. चार कोपऱ्यांवर पाटा-वरवंट्यापासून तांब्यापर्यंत जे जड हाती लागेल ते ठेवायची. त्यावर मग चिंध्या येत : बाबांच्या सदऱ्याची पाठ, आत्याच्या परकराचा घेर, कुणाचं तरी बाळोतं. त्यावर पुन्हा एक लुगडं. आणि मग कडेकडेने धावदोरा घालत ती आत आत सरकायची. अस्तर विरलेलं असलं तर टाका धरत नाही, कापडासकट निघून येतो, असं ती सांगे. चिंध्या किती जमल्या याची तिला कधी फिकीर नव्हती. तिची सगळी नजर अस्तरावर आणि टाक्यांतल्या अंतरावर असे.

पुढे शिकवताना मला ही गोधडी फार उपयोगी पडली. हल्ली 'बहुविद्याशाखीय' आणि 'आंतरविद्याशाखीय' हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, पण त्यांत चिंध्यांचं गाठोडं आणि गोधडी यांच्याइतकं अंतर आहे. यांत्रिकीच्या विद्यार्थ्याने एका सत्रात अर्थशास्त्राचा एक पेपर घेतला, दुसऱ्या सत्रात मानसशास्त्राचा घेतला, दोन्हींत पास झाला, तर ते बहुविद्याशाखीय. त्यात वाईट काही नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तशी दारं उघडली आणि मध्य प्रदेशाने ते धोरण 2021-22 च्या सत्रापासून महाविद्यालयांत आणलं. अभियांत्रिकीची पदवी आता साधारण 160 क्रेडिटची असते आणि वर 18 ते 20 क्रेडिट घेतले की दुसऱ्या विषयात 'मायनर' पदवी जोडता येते. ही झाली व्यवस्था. पण दोन विषय शेजारी शेजारी ठेवले म्हणून ते एकमेकांशी बोलायला लागत नाहीत. एखादी वस्तू किंवा एखादी अडचण अशी पुढ्यात यावी लागते की एका विषयाला ती उचलता येत नाही आणि दुसऱ्याला हाक मारावीच लागते. हाक मारण्यापासून पुढचं सारं आंतरविद्याशाखीय.

इंदूरच्या माणसाला हे परकं वाटावं याचं मला वाईट वाटतं. आपल्याच गावात, शहराच्या पूर्वेला आज जे कृषी महाविद्यालय आहे त्या जागेवर, शंभर वर्षांपूर्वी या प्रकारच्या अभ्यासाचं एक फार मोठं काम झालं. आणि ते झालं खताच्या खड्ड्यात.

1924 मध्ये तिथे 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' ही संस्था सुरू झाली. होळकर दरबाराने तीनशे एकर जमीन दिली, मध्य भारतातल्या संस्थानांनी आणि भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने पैसा दिला. संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड. ते मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. तरुणपणी वेस्ट इंडीजमध्ये उसावरच्या बुरशीचा अभ्यास करताना त्यांना एक गोष्ट खुपली होती : रोग ओळखणारा माणूस प्रयोगशाळेत बसतो आणि उपाय करून पाहायला त्याच्याकडे स्वतःचं वीतभर शेत नसतं. 1905 मध्ये ते बिहारमधल्या पुसा इथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. तिथे त्यांनी जमीन मागून घेतली आणि आसपासचे शेतकरी काय करतात ते पाहायला सुरुवात केली. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि सगळ्या कामात बरोबरीच्या भागीदार होत्या. पुसामध्ये प्रत्येक शाखेचं दालन वेगळं, बुरशीवाला वेगळा, किड्यांवाला वेगळा, रसायनवाला वेगळा. पिकाला मात्र हे सगळं एकाच वेळी सोसावं लागतं. इंदूरला संस्था उभी करताना त्यांनी ही दालनं घालूच दिली नाहीत.

पैसा कापसाच्या नावाने आला होता. सुधारित वाण काढून द्यावेत अशी अपेक्षा. पण माळव्याची काळी माती पावसाळ्यात चिखल होऊन बसते, मुळांना हवा मिळत नाही, तिथे नुसतं वाण बदलून काय होणार? म्हणून पाण्याचा निचरा आला. माती सुधारायला खत हवं, शेण तर चुलीत जातं, म्हणून खत आलं. खत कुणी करायचं, मजूर टिकतील कसे, म्हणून कामाचे तास, वेळच्या वेळी पगार आणि राहायची सोय हाही शेतीशास्त्राचाच प्रश्न ठरला. 1929 मध्ये हॉवर्ड पती-पत्नींनी इंदूरच्या प्रयोगावर पुस्तक लिहिलं त्यात हे सगळं एका धाग्यात येतं.

आणि तो खड्डा. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद, दोन-तीन फूट खोल, बाजू उतरत्या. त्यात घालायला शेतातला सगळा काडीकचरा. पण पऱ्हाट्या आणि तुराट्या कुजता कुजत नाहीत, लाकडासारख्या टणक. त्या कुटायच्या तर यंत्र हवं, यंत्राला पैसा हवा. संस्थेने काय केलं, तर त्या शेतातल्या रस्त्यांवर अंथरल्या. बैलगाड्या येता-जाता त्यांवरून जात, चाकं आणि खूर त्यांचा चुरा करत. तो चुरा गोळा करून गोठ्यात बैलांखाली पसरायचा, म्हणजे त्यात मूत्र मुरतं. मग खड्ड्यात थर लावायचे : काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, लाकडाची राख. वरून पाणी. खड्डा तापतो, पांढरी बुरशी धरते. मग त्याला तीन वेळा पालथं घालायचं, म्हणजे आत हवा शिरते आणि बुरशीनंतर जिवाणूंची पाळी येते. साधारण तीन महिन्यांत हाताला भुसभुशीत लागणारं काळं खत तयार.

यात रसायनशास्त्र कुठे संपलं आणि रस्ता कुठे सुरू झाला? गाडीवान कोणत्या शाखेचा? मी वर्गात हा खड्डा फळ्यावर काढतो आणि मुलांना विचारतो की यात कोणकोणते विषय आहेत. सहा-सात नावं येतात. मग विचारतो, यातला एक काढून टाकला तर खत होईल का? वर्ग गप्प होतो. चौकटीबाहेरचा विचार करा, असं सांगणारं कुठलंही भाषण जे करू शकत नाही ते या खड्ड्याने होतं.

या कामातलं एक नाव मराठी घरांत माहीत असायला हवं होतं. 1931 मध्ये शेतीतल्या टाकाऊ पदार्थांपासून ह्युमस कसा करायचा यावरचं पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड हे नाव आहे. वाड हे संस्थेत रसायन विभागाचे मुख्य सहायक होते. कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण किती असलं म्हणजे कचरा नीट कुजतो, नत्र हवेत उडून न जाता खतात कसं राहतं, हे मोजमाप करणारा माणूस कुणीतरी लागतोच. सगळ्या विषयांची तोंडओळख असलेले दहा जण असते तर ते जमलं नसतं. वाडांचं रसायन धड होतं, म्हणून त्यावर बाकीच्यांचे टाके बसले. 'इंदूर पद्धत' हे नाव पुढे आसामच्या चहाच्या मळ्यांत आणि केनियातल्या कॉफीच्या मळ्यांत गेलं. गांधीजी 1935 मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले तेव्हा संस्थेत जाऊन ही पद्धत पाहून आले. आमच्या पिढीला मात्र शाळेत हे कुणी सांगितलं नाही. मला ते चाळिशीत कळलं, तेही एका इंग्रजी पुस्तकातून, आणि तेव्हा झालेली चुटपुट अजून गेलेली नाही.

हॉवर्ड यांच्या आधी सहा-सात वर्षं आणखी एक माणूस इंदूरला येऊन गेला होता. पॅट्रिक गेडिस. स्कॉटलंडमध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, आणि नगररचनेच्या आखणीसाठी भारतात आलेले. तुकोजीराव होळकरांच्या दरबाराला त्यांनी 1918 मध्ये इंदूरविषयीचा अहवाल दिला, दोन भागांत. खान आणि सरस्वती या नद्यांपासून गल्लीबोळांतल्या विहिरींपर्यंत सगळं त्यात आहे, आणि दुसऱ्या भागात मध्य भारतासाठी विद्यापीठ कसं असावं याचाही विचार आहे. गटार आणि विद्यापीठ एका अहवालात यावं हे तेव्हाच्या अधिकाऱ्यांना चमत्कारिक वाटलं असेल. प्लेगचे दिवस होते. लोकांनी घरं झाडावीत म्हणून गेडिस यांनी दिवाळीची मिरवणूकच वेगळी आखली : ज्या वस्तीने रस्ता सर्वांत स्वच्छ केला तिकडून मिरवणूक जाणार. मिरवणुकीत घाणीचा राक्षस, प्लेगचा उंदीर, आणि मान दिलेले सफाई कामगार, नव्या कपड्यांत, गळ्यात हार घालून. त्यांच्या चरित्रांत हा प्रसंग येतो. पुढे 1919 ते 1924 ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. वनस्पती शिकलेला माणूस.

इंदूर 2017 ते 2023 सातत्याने स्वच्छतेत देशात पहिलं आलं, आणि देवगुराडियाला रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून वायू करण्याची क्षमता असलेला प्रकल्प 2022 पासून उभा आहे. तो प्रकल्प अभियंत्यांनी बांधला खरा, पण त्याचं पोट आपल्या स्वयंपाकघरातल्या दोन डब्यांवर अवलंबून आहे. भाजीच्या देठांबरोबर दुधाची पिशवी गेली की यंत्राची पंचाईत होते. हे देठ-पिशवीचं भांडण कोणत्या खात्यात शिकवायचं? गेडिसनी ते मिरवणुकीत शिकवलं.

आता तंत्र महाविद्यालयाकडे येतो. लहान तंत्र महाविद्यालय म्हटलं की लोकांच्या मनात दुय्यम काहीतरी येतं, मोठ्या ठिकाणी नंबर लागला नाही म्हणून घेतलेलं. मला तसं कधी वाटलं नाही. मराठी संस्थानिकांनी काढलेल्या एका लहान तंत्रशाळेचं उदाहरण माझ्यापुढे असतं. सयाजीराव गायकवाडांनी 1890 मध्ये बडोद्याला कलाभवन सुरू केलं, प्राचार्य रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर. रंगकाम, विणकाम, यंत्र, चित्रकला, वास्तुकला सगळं एका आवारात, आणि लोकांच्या भाषेत शिकवायचा आग्रह. तिथे त्र्यंबकेश्वरचा एक तरुण शिकायला होता. चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला यांबरोबर त्याला छायाचित्रणाचा नाद होता, आणि गज्जरांनी त्याला कलाभवनाचा स्टुडिओ वापरायला दिला. हा तरुण म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके.

'राजा हरिश्चंद्र' 1913 मध्ये आला हे सगळ्यांना माहीत आहे. त्याआधीची एक छोटी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. चित्रपट काढायला पैसा हवा होता आणि पैसा देणाऱ्यांना विश्वास वाटत नव्हता. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्यापुढे रोवून थोडी थोडी फिल्म घेत राहिले, महिन्याहून अधिक काळ. मग ती सलग दाखवली तेव्हा डोळ्यांदेखत अंकुर फुटला, वेल वर चढली. 'अंकुराची वाढ' हे तिचं नाव. यात वनस्पती आहे, रसायन आहे, यंत्र आहे आणि सावकाराला पटवणंही आहे. कलाभवनात एकाच आवारात फिरलेल्या माणसाला हे सुचणं मला स्वाभाविक वाटतं. आपल्या इंदूरची श्री गोविंदराम सेकसरिया संस्था 1952 मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्याही नावात 'कला भवन' होतं. नावं बदलत गेली, आवारं वाढली, खात्यांच्या इमारती वेगळ्या झाल्या. शक्ती वाढली आणि थोडं काहीतरी हरवलं, असं मला वाटतं.

आणखी एका जागेचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पुणे जिल्ह्यातलं पाबळ. पाऊस कमी, जमीन हलकी. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. स्वतः अन्नतंत्रज्ञ, अमेरिकेत डॉक्टरेट, मोठ्या कंपनीत संशोधनाची नोकरी केलेले. शाळेतून गळालेल्या मुलांना त्यांनी हातात कामं दिली : वेल्डिंग, कुक्कुटपालन, रक्त तपासणं, बांधकाम, भूगर्भातलं पाणी शोधणं. एका वर्षाचा निवासी अभ्यासक्रम, ग्रामीण तंत्रज्ञानाची पदविका. जमिनीत विजेचा प्रवाह सोडून तिचा रोध मोजायचा आणि खाली पाणी आहे का याचा अंदाज घ्यायचा, हे आठवी-नववीत गणितात नापास झालेला मुलगा करतो, आलेख काढतो, शेतकऱ्याला समजावून सांगतो. भौतिकशास्त्र, भूगोल आणि माणसाशी बोलणं. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर घुमटाकार घरं बांधायला ही मुलं गेली. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने अमेरिकेबाहेरची अगदी पहिल्या काळातली 'फॅब लॅब', म्हणजे वस्तू घडवण्याची प्रयोगशाळा, जिथे काढली ते हेच पाबळ. कुठल्याही क्रमवारीत पाबळचं नाव तुम्हाला दिसणार नाही. शिक्षण म्हणून मात्र ते पहिल्या रांगेत आहे, असं मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

लहान जागेचा फायदा काय असतो ते आता माझ्या अनुभवावरून सांगतो. आमच्याकडे वर्कशॉप एकच. लेथवर यांत्रिकीची मुलं, शेजारच्या टेबलावर इलेक्ट्रॉनिक्सची सोल्डरिंग करणारी, आणि दारातल्या उन्हात सिव्हिलची मुलं काँक्रीटचे ठोकळे भिजवत बसलेली. चहाची टपरीही एकच. कोण कशात अडकलंय ते सगळ्यांना माहीत असतं. मोठ्या ठिकाणी यासाठी समिती नेमावी लागते.

पण असा आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम सुरू केला त्या पहिल्या वर्षी आम्ही मोठीच चूक केली, आणि ती आमचीच होती. विषय घेतला 'शहरातलं पाणी'. सहा शिक्षकांनी सहा-सहा तास वाटून घेतले. मी माझा भाग शिकवून मोकळा झालो, दुसऱ्याच्या तासाला जाऊन बसलो नाही. कुणीच कुणाच्या तासाला बसलं नाही. वर्षअखेरीला मुलांनी सहा निबंध लिहिले आणि स्टेपलरने एकत्र टोचून सबमिशन केलं. व्हायवाला एका मुलीला मी विचारलं, पंपाची क्षमता आणि पाणीपट्टी यांचा काही संबंध आहे का? ती म्हणाली, "सर, ते दुसऱ्या युनिटमध्ये आहे." मी घरी आलो तो फार खिन्न होऊन. मुलांनी तेच केलं होतं जे त्यांनी आमच्याकडून पाहिलं.

दुसऱ्या वर्षी आम्ही विषय दिलाच नाही. एक वस्तू दिली. भाजीचा हातठेला.

तीन मुलं होती, एक यांत्रिकीचा, एक सिव्हिलचा, आणि एक मुलगी संगणकाची. फुटी कोठीच्या बाजूला एक मावशी ठेला लावतात, त्यांनी परवानगी दिली. यांत्रिकीच्या मुलाने पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला : चाकाचं घर्षण फार आहे, चांगले बेअरिंग बसवले की ठेला एका बोटाने ढकलता येईल. त्याने ताणकाटा लावून बळ मोजलं, आकडे चोख. बेअरिंग बसवले. मावशींनी ठेला दहा पावलं ढकलला आणि थांबल्या. "बेटा, इसका ब्रेक किधर है?"

तोपर्यंत ब्रेक कुणाच्या डोक्यातच नव्हता. जुनं चाक जड होतं म्हणूनच ठेला उतारावर आपोआप थांबून राहत होता. मावशी दिवसातून पन्नास वेळा थांबतात, दोन्ही हात तराजूत असतात, ठेला धरायला हात मोकळा नसतो. मग मुलं आठवडाभर त्यांच्याबरोबर सकाळी फिरली. सिव्हिलच्या मुलाने रस्त्याचा उतार कुठे किती आहे ते मोजलं. संगणकाच्या मुलीने एका वहीत नोंद ठेवली : कुठे थांबल्या, किती वेळ, काय विकलं गेलं. तिच्या नोंदीतून निघालं की टोमॅटो आणि कोथिंबीर पुढच्या बाजूला असतात ते दिसावेत म्हणून, आणि त्याच मालामुळे वजन पुढे जाऊन ठेला डोकं टाकतो. बटाट्याचं पोतं मागे सरकवलं तर हात दुखणं कमी होतं. हे सांगायला बेअरिंग लागत नाही. ब्रेकसाठी त्यांनी आधी छानशी तार आणि कळ बसवली, ती पावसाच्या पहिल्या सरीत गंजली. शेवटी जे टिकलं ते होतं सायकलच्या जुन्या टायरचा तुकडा लावलेली एक लाकडी पाचर, पायाने चाकाखाली सारायची. आणि चाक असं निवडलं की कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्याला ते उघडता यावं.

यांत्रिकीच्या मुलाला हे फार लागलं होतं. त्याचं गणित चुकलं नव्हतं, तरी उत्तर चुकलं होतं. पण पुढे काय झालं ते महत्त्वाचं आहे. वजन मागे किती सरकवायचं, दांड्याची उंची मावशींच्या कोपराला किती असावी, हे ठरवायला त्याचंच यंत्रशास्त्र लागलं, आणि तेव्हा तो चोख होता म्हणून काम पार पडलं. या मुलाला घर्षणाची नुसती तोंडओळख असती तर तिघांनी मिळून मावशींशी गप्पा मारल्या असत्या, इतकंच.

म्हणून ओट्यावर येणाऱ्या आईला मी आता पहिली गोष्ट ही सांगतो की अस्तर आधी. पहिली दोन वर्षं मुलीने एक विषय घट्ट धरावा, त्यात घाम गाळावा, गणित टाळू नये. ज्यांना गणिताची किंवा प्रयोगशाळेची भीती वाटते म्हणून हा मार्ग सोपा असेल असं वाटतं, त्यांनी तो घेऊ नये. तो सोपा नाही. दुसऱ्याच्या विषयात आपण बालवर्गात असतो आणि आपल्याहून दोन वर्षांनी लहान मुलाला "हे काय असतं?" असं विचारावं लागतं. ज्याला ते विचारताना संकोच होत नाही, त्याने जरूर यावं.

नोकरीचं काय, हा प्रश्नही टाळण्यासारखा नाही. जाहिरातीत अजून शाखेचं नाव छापलेलं असतं, सरकारी भरतीत तर हमखास. पदवीच्या कागदावर धड एका शाखेचं नाव असावं, आणि बाकीचं काम मायनर म्हणून किंवा प्रकल्प म्हणून जोडावं, असं मी आजच्या घडीला सुचवतो. परीक्षा पद्धतीविषयी मात्र माझी तक्रार आहे. तिघांनी मिळून केलेल्या कामाला तीन वेगळे आकडे द्यावे लागतात, आणि ते आकडे देणारा परीक्षक एकाच शाखेचा असतो. हातठेल्याच्या कामाला एका बाहेरच्या परीक्षकाने विचारलं होतं, "यात नवीन तंत्रज्ञान कुठे आहे?" मुलांनी पाचर दाखवली. गुण कमी पडले. मला आजही वाटतं की ते गुण चुकीचे होते.

आता या पुस्तकातल्या कामांविषयी थोडं. आमच्या वस्तीजवळच, धार रोडच्या बाजूला, सिरपूर तलाव आहे. होळकरांच्या काळातला. तो अतिक्रमणांतून आणि कचऱ्यातून वाचवण्यासाठी वर्षानुवर्षं झटले ते भालू मोंढे, इंदूरचे चित्रकार आणि छायाचित्रकार. पक्षी पाहायला डोळा लागतो, आणि तो चित्रकाराकडे होता. 2022 मध्ये सिरपूरला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. पुस्तकातली तीन कामं या तलावाच्या काठावरची आहेत. त्यांतलं एक पूर्ण अपयशी आहे : मुलांनी बनवलेलं पाण्याची पातळी मोजणारं यंत्र जलपर्णीत अडकलं आणि त्यांचे दोन महिने वाया गेले. ते काम मी मुद्दाम पहिलं ठेवलं आहे. संपादक म्हणून दुसरी कसलीही ढवळाढवळ मी केलेली नाही. मुलांची भाषा ठेवली आहे, हिंदी-मराठीची सरमिसळही ठेवली आहे, कारण आम्ही इंदूरचे लोक असेच बोलतो.

ती रेघ ओढणारी मुलगी आता दुसऱ्या वर्षात आहे. शाखा तिने सिव्हिल घेतली. गेल्या रविवारी ती आली तेव्हा सायकलच्या कॅरिअरला एक पोतं बांधलेलं होतं. त्यात आमच्या गल्लीतला वाळलेला पाला होता, आणि तो लवकर कुजावा म्हणून काय करता येईल हे ती विचारत होती. मी तिला रस्त्यावर अंथरलेल्या पऱ्हाट्यांची गोष्ट सांगितली. तिने वही काढली आणि पहिला प्रश्न विचारला, "काका, गाडीचं वजन किती असायचं?"

सुदामा नगर, इंदूर